यजमान पीक, कीड आणि सूक्ष्मजीव : गुलाबी बोंडअळीचे अर्थशास्त्र

भारतीय शेतीच्या चर्चेत पाऊसमान, सिंचन, पतपुरवठा आणि किमान आधारभूत किंमत यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे पिकांवर उपजीविका करणाऱ्या कीटकांना व सूक्ष्मजीवांना मिळत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कीड आणि रोग यांचा उल्लेख येतो तो अवर्षण किंवा महापूर यांच्या जोडीने, म्हणजे अर्थव्यवस्थेबाहेरून येणारा आघात म्हणून. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयीचा वाद बव्हंशी याच चौकटीत झाला. १९४२ मध्ये भातावर पडलेल्या तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीजन्य रोगाला वनस्पतिरोगशास्त्रज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये या दुष्काळाचे प्रमुख कारण मानले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात धान्याच्या उपलब्धतेपेक्षा ते मिळविण्याच्या हक्काधिकारांच्या ऱ्हासावर बोट ठेवले. परीक्षेच्या उत्तरात ही दोन मते समोरासमोर उभी केली जातात. परंतु रोग हा एकदा येऊन गेलेला नैसर्गिक आघात होता, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलेले आहे.

वस्तुतः कीड ही पावसासारखी नाही. शेतकऱ्याने कोणते वाण पेरले, कोणते औषध फवारले, पीक शेतात किती दिवस उभे ठेवले याची पाऊस दखल घेत नाही, कीड घेते. काही पिढ्यांत ती त्या निर्णयांना प्रत्युत्तर देते. एखाद्या विषाला किंवा एखाद्या प्रतिकारक्षम वाणाला बळी पडण्याची किडीची संवेदनशीलता हा म्हणूनच एक साठा आहे. तो वापराने घटतो, त्यावर कोणाचीही मालकी नाही आणि तो राखण्याचा खर्च एकाने केला तर लाभ शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जातो. अर्थशास्त्र ज्याला सामाईक संपत्ती म्हणते, तिची ही सर्व लक्षणे आहेत. हा साठा किती वेगाने घटेल, हे मात्र कीड आणि तिची यजमान वनस्पती यांच्यातील नात्यावर अवलंबून असते. भारतातील कापूस आणि गुलाबी बोंडअळी हे या नात्याचे अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

यजमान आणि पाहुणे

वनस्पतीवर जगणारा प्रत्येक जीव तिचा शत्रू नसतो. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात आणि त्या बदल्यात पिकाकडून शर्करा घेतात. या नात्याची सुरुवात रासायनिक संवादाने होते. मुळे विशिष्ट द्रव्ये स्रवतात, योग्य जातीचा जिवाणू ती ओळखून उलट संकेत पाठवितो आणि मगच त्याला मुळात प्रवेश मिळतो. झारखंड व छत्तीसगडमधील पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरील लाखेचा कीटक तर मुद्दाम पाळला जातो. त्याचे ‘रंगीनी’ आणि ‘कुसुमी’ असे दोन प्रकार आहेत. रंगीनी मुख्यतः पळस-बोरीवर वाढते, तर कुसुमीला कुसुमाचे झाड लागते. कोणत्या झाडावर कोणता कीटक जगतो, यावरच तेथील अनेक आदिवासी कुटुंबांचे रोख उत्पन्न ठरते.

शत्रुत्वाचे नातेही असेच नेमके असते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि जवसावरील तांबेरा यांचा अभ्यास करून एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. पिकातील प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला रोगकारकातील एक जनुक जुळणारे असते. त्या जनुकात बदल झाला की पिकाला रोगकारकाची ओळख पटत नाही आणि प्रतिकार निष्प्रभ ठरतो. कुलूप तेच राहते, किल्ली बदलते. जवसासारख्या दुय्यम पिकावरील या कामाने पुढे जगभरच्या वाण-पैदाशीची दिशा ठरविली.

भाताच्या बाबतीत याचा अनुभव फार लवकर आला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आय.आर.-८ हे वाण प्रसारित केले. दाट लागवड, भरपूर नत्रखत आणि वर्षभर उभे असणारे पीक यांमुळे तपकिरी तुडतुड्यांना सुगीचे दिवस आले. त्यावर १९७३ मध्ये आय.आर.-२६ हे प्रतिकारक्षम वाण आले. दोन-तीन वर्षांतच त्यावर जगू शकणारे तुडतुडे आग्नेय आशियात दिसू लागले. १९७६ मध्ये दुसऱ्या जनुकाचे आय.आर.-३६ आणावे लागले. भारतीय उपखंडातील तुडतुडे तर या दोन्ही जनुकांना फारसे जुमानत नव्हते, कारण येथील तुडतुड्यांचा जैवप्रकारच निराळा होता. एका देशात यशस्वी ठरलेले प्रतिकारक्षम वाण दुसऱ्या देशात जसेच्या तसे उपयोगी पडेल, हे गृहीतक म्हणूनच धोक्याचे असते. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. या औषधांनी तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक आधी मरत आणि तुडतुडे उलट वाढत, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या इतिहासात या निर्णयाला मानाचे स्थान आहे. भारताने हे धोरण १९८५ मध्येच स्वीकारले होते. अंमलबजावणीचा वेग हा वेगळा विषय आहे.

जिवाणूचे जनुक कापसात

१९९० च्या दशकात कापसाने देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ५ टक्के क्षेत्र व्यापले होते, पण एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी कीटकनाशके या एका पिकावर खर्ची पडत, असा त्या काळचा सर्वसाधारण अंदाज आहे. यातील मोठा वाटा अमेरिकन म्हणजे हिरव्या बोंडअळीसाठी होता. हीच अळी हरभऱ्यावर आली की तिला घाटेअळी म्हणतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांना ती दाद देईनाशी झाल्याचे १९८७ च्या सुमारास आंध्र प्रदेशात दिसून आले. औषधांचा खर्च वाढत गेला, परिणाम घटत गेला आणि खासगी सावकारीचे ओझे कापूस उत्पादकाच्या डोक्यावर बसले.

या पार्श्वभूमीवर २६ मार्च २००२ रोजी पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना व्यापारी लागवडीची परवानगी दिली. (२०१० मध्ये या समितीच्या नावातील ‘मान्यता’ या शब्दाच्या जागी ‘मूल्यांकन’ हा अर्थ असलेला शब्द आला, बहुपर्यायी प्रश्नांत हा बदल विचारला जाऊ शकतो.) पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ आणि त्याखालील १९८९ चे नियम हा या समितीचा कायदेशीर आधार आहे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली शिगेताने इशिवाता यांना तो रोगट रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांनी त्याचे वर्णन केले आणि थुरिंजिया या प्रांतावरून त्याला नाव मिळाले. हा जिवाणू स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हे स्फटिक विरघळते, आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटते, तेथे छिद्रे पडतात आणि अळी मरते. मनुष्याच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो व आतड्यात हे ग्राहक नसतात. या प्रथिनाचे जनुक कापसात घातल्याने झाड स्वतःच विष तयार करू लागले. म्हणजे कीटक आणि वनस्पती यांच्यातील जुन्या झगड्यात माणसाने तिसऱ्याच सृष्टीतील एक शस्त्र आणून वनस्पतीच्या हाती दिले. पहिल्या वाणांत क्राय-१-एसी हे एकच जनुक होते. २००६ मध्ये क्राय-२-एबी या दुसऱ्या जनुकाची जोड असलेल्या बोलगार्ड-२ ला मान्यता मिळाली.

प्रारंभीचे यश निर्विवाद होते. देशातील रुईची सरासरी उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०८ किलोग्रॅम होती, ती २००७-०८ मध्ये ५५४ किलोग्रॅमपर्यंत गेली. काही वर्षांतच ९० टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली आले. या वाढीचे श्रेय कोणाला द्यावे, यावर मात्र अर्थतज्ज्ञ व कृषितज्ज्ञांत एकमत नाही. कठागे आणि काइम यांनी २०१२ मध्ये शेतकरी कुटुंबांच्या पाहणीवरून बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी व नफा ५० टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष काढला. क्रांती आणि स्टोन यांनी २०२० मध्ये दोन दशकांच्या आकडेवारीवरून वाढीचा बराचसा भाग खते, सिंचन आणि नवी कीटकनाशके यांचा असल्याचे मांडले. विद्यार्थ्यांनी यातील एकच आकडा पाठ करून ठेवू नये. पहिला अभ्यास २००२ ते २००८ या काळातील पाहण्यांवर आधारलेला आहे आणि दुसरा त्यानंतरची घसरणही हिशेबात घेतो. घटत जाणाऱ्या साठ्याचे मोल कोणत्या वर्षी मोजले, यावर उत्तर बदलणारच.

एक अळी टिकली, दुसरी का नाही?

बीटी कापूस मुख्यतः हिरव्या बोंडअळीसाठी आणला गेला आणि तिच्यावरील त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. फसला तो गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत. हिला मराठीत शेंदरी बोंडअळी असेही म्हणतात. या दोन किडींतील फरक त्यांच्या यजमान वनस्पतींत आहे.

हिरवी बोंडअळी शंभराहून अधिक वनस्पतींवर जगते. हरभरा, तूर, टोमॅटो, ज्वारी असे तिला बरेच काही चालते. कापसाच्या शेतात बीटीला प्रतिकार करणारी एखादी अळी वाचली तरी तिच्यातून निघालेल्या पतंगाची गाठ बहुधा शेजारच्या तुरीवर वाढलेल्या, बीटी कधीच न चाखलेल्या पतंगाशी पडते. प्रतिकाराचे जनुक बहुधा अप्रभावी असते, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय ते आपला गुण पुरेसा दाखवीत नाही. अशा मिश्र जोडीची संतती बीटीला बळी पडते. विदर्भातील शेतकऱ्याने कापसात तुरीच्या ओळी घेण्याची जी जुनी पद्धत राखली आहे, तिने नकळत हे काम केले.

गुलाबी बोंडअळीला असा पर्याय नाही. भेंडी, अंबाडी यांसारख्या काही वनस्पतींवर ती क्वचित आढळते, परंतु भारतीय शेतीत तिचे खरे घर कापूस हेच होय. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले तेही भडोच भागातील कापसावरून आलेल्या नमुन्यांच्या आधारे. देशातील जवळपास सर्व कापूस बीटी झाल्यावर तिच्या प्रत्येक पिढीला तेच विष पचवावे लागले. वाचलेल्यांची जोडी वाचलेल्यांशीच जमली.

तिची राहणीही तिच्या पथ्यावर पडणारी आहे. पाते, फूल किंवा कोवळ्या बोंडावर घातलेल्या अंड्यातून निघालेली अळी थोड्याच अवधीत आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या लाळेच्या धाग्यांनी एकत्र बांधल्या जाऊन फूल पूर्ण उमलत नाही. यालाच शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की प्रवेशाचे छिद्र बुजते, बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि आत अळी सरकी खात राहते. वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बोंड फुटते तेव्हा रुईऐवजी कवडी हाती येते. हंगामाच्या शेवटी अळी सरकीत, वाळलेल्या बोंडात किंवा मातीत सुप्तावस्थेत जाते आणि पुढील हंगामाची वाट पाहते.

यात आणखी एक गोष्ट मिसळली, ती भारताची स्वतःची आहे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस तयार केला. त्या परंपरेचा अभिमान बाळगावा असाच आहे. इतर प्रमुख कापूस उत्पादक देश मात्र बहुतांशी सरळ वाण पेरतात. भारतातील बीटी जवळजवळ पूर्णपणे संकरित रूपात आला. संकरित वाणाचे बी दुसऱ्या वर्षी पेरून चालत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते आणि कंपनीला वेगळ्या पेटंटची फारशी गरज उरत नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ ने घरचे बी राखण्याचा शेतकऱ्याला दिलेला हक्क येथे कागदावर शाबूत राहिला, व्यवहारात निरर्थक ठरला.

जैविक परिणाम अधिक गंभीर आहे. संकरित झाडावरील बोंडात तयार होणारी सरकी ही पुढच्या पिढीची असते आणि मेंडेलच्या नियमानुसार तिच्यात जनुकांचे विभाजन होते. दोन बीटी जनुके असतील तर १६ पैकी ९ सरक्यांत दोन्ही, ३ मध्ये पहिले, ३ मध्ये दुसरे आणि एका सरकीत एकही नसते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाणारी. एकाच बोंडात तिला पूर्ण विष, अर्धे विष आणि विषमुक्त अन्न अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या. अर्धवट प्रतिकार असलेल्या अळीला तगण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था क्वचितच असेल. शिवाय हे वाण दीर्घ मुदतीचे. पाणी असेल तर जानेवारीनंतरही फरदड घेतली जाते. उशिरा येणाऱ्या बोंडांत विषाचे प्रमाण घटलेले असते आणि अळीला मात्र आणखी एक-दोन पिढ्या वाढविण्याची संधी मिळते.

गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांत पहिल्या जनुकाला प्रतिकार आढळला. २०१४-१५ पर्यंत दुसरे जनुकही निष्प्रभ झाल्याचे गुजरातमध्येच दिसले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूसपट्टा या अळीने पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणी कमी करण्यासाठी आणलेल्या तंत्रज्ञानाच्या पंधराव्या वर्षी हे घडले.

आश्रयाच्या पाच ओळी

ही शक्यता आधीच माहीत नव्हती, असे नाही. २००२ च्या परवानगीतच बीटी कापसाभोवती किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र बिगर-बीटी कापसाचे ठेवण्याची अट होती. या आश्रयपट्ट्यात वाढलेले संवेदनशील पतंग बीटी शेतातील वाचलेल्या पतंगांशी जोडी जमवितील, ही त्यामागील कल्पना. तुरीने हिरव्या बोंडअळीसाठी जे फुकट केले, तेच गुलाबी अळीसाठी मुद्दाम करावयाचे होते. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पिशवी येत असे. शेतकरी तिला ‘रेफ्युजी’ म्हणत आणि बहुतेक जण ती पेरीत नसत.

यावर शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखविले जाते. ते बरोबर नाही. दोन एकरांच्या धन्याने पाच ओळी अळीसाठी सोडल्या तर नुकसान त्याचे एकट्याचे, याच हंगामातले आणि नक्की असते. लाभ संपूर्ण तालुक्याचा, काही वर्षांनंतरचा आणि शेजाऱ्यांनीही तसेच केले तरच मिळणारा असतो. पतंग बांध ओळखत नाहीत. अशा स्थितीत पिशवी बांधावर टाकून देणारा शेतकरी आपल्या हिशेबाने शहाणपणानेच वागत असतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची जी शोकांतिका मांडली तिचेच हे रूप होय. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. त्यामुळे पेरावे की न पेरावे हा प्रश्न शेतकऱ्याच्या हाती राहिला नाही. परंतु हे पाऊल दोन्ही जनुके निष्प्रभ झाल्यानंतर पडले.

शासनाने नियंत्रण आणले ते किमतीवर. अत्यावश्यक वस्तू कायद्याखालील २०१५ च्या आदेशान्वये बीटी बियाण्याची कमाल किंमत केंद्र शासन ठरवू लागले. २०१६ मध्ये बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपयांना, तर २०१८ मध्ये ७४० रुपयांना मिळू लागले. बियाणे परवडणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. तथापि या किमतीत साठा घटण्याचा खर्च कोठेच धरलेला नव्हता; कंपनीच्या स्वामित्वशुल्कात नव्हता, शेतकऱ्याच्या हिशेबात नव्हता आणि नियामकाच्या आदेशातही नव्हता.

चीन आणि अमेरिका यांचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात अनेक शेतकऱ्यांनी संकरित बीटी कापसाच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले, कारण ते स्वस्त होते. तेथे एकच बीटी जनुक असल्याने या पिढीतील चौथा हिस्सा झाडे पूर्णपणे बिगर-बीटी निघाली. प्रतिकार वाढायला लागला होता, तो मागे हटला. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतात विभाजन झाले ते एका बोंडातील सरक्यांत, तेथे झाले ते स्वतंत्र झाडांत. पहिल्याने अळीला प्रतिकाराचे शिक्षण दिले, दुसऱ्याने संवेदनशील पतंगांचा पुरवठा केला. कोणताही आदेश न काढता खासगी बचत आणि सार्वजनिक हित एका दिशेला आल्याचे असे उदाहरण कृषी अर्थशास्त्रात विरळाच सापडते. अमेरिकेने याउलट संघटित मार्ग घेतला. ॲरिझोनात आश्रयपट्ट्यांची अट पाळली गेली, २००६ पासून वंध्य केलेले पतंग विमानातून मोठ्या संख्येने सोडण्यात आले आणि २०१८ मध्ये त्या देशाच्या कापूसक्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे घोषित करण्यात आले. मोठी धारणक्षेत्रे आणि उत्पादकांच्या बळकट संघटना यांचा त्यात मोठा वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

तिघांचे नाते : माशी, विषाणू आणि कापूस

पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या उत्तर भागातील कापसाची कहाणी काहीशी वेगळी आहे. तेथे मुख्य संकट पांढऱ्या माशीचे व तिच्यामार्फत पसरणाऱ्या पर्णवक्रता विषाणूचे होते. पाने कडेने वर वळतात, शिरा जाड होतात, झाड खुंटते. पाकिस्तानात १९९० च्या दशकारंभी या रोगाने हाहाकार केला आणि १९९३ मध्ये तो श्रीगंगानगर भागातील अमेरिकन कापसावर दिसला. हा विषाणू स्वतःच्या बळावर पुरता पडत नाही. त्याच्यासोबत जनुकद्रव्याचा एक लहान उपग्रही तुकडा असतो आणि तोच झाडाची संरक्षणयंत्रणा दाबून टाकतो. बीटीचे विष अळ्यांसाठी असल्याने रस शोषणाऱ्या माशीवर त्याचा परिणाम होत नाही. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीने कापसाचे अतोनात नुकसान केले, तेव्हा शेतात उभे असलेले जवळपास सर्व पीक बीटीचेच होते.

या विषाणूला देशी कापूस बळी पडत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक क्षेत्र देशी कापसाखाली होते. आखूड धाग्यामुळे गिरण्यांनी तो मागे टाकला आणि भाव धाग्याच्या लांबीवर ठरत गेला. रोगप्रतिकाराला बाजारात वेगळा भाव नसतो.

उपाय आणि त्यांचा खर्च

गुलाबी बोंडअळीवरील उपाय आता सर्वज्ञात आहेत. कमी मुदतीचे वाण घेणे, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, फरदड न घेणे, कामगंध सापळे लावणे, अळीच्या अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक सोडणे, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले किंवा १० टक्के फुले वा बोंडे किडलेली आढळली, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून फवारणी करावी, ही शिफारसही रूढ आहे. अळी एकाच यजमानावर अवलंबून आहे, हे तिचे बळ होते. तीच तिची दुर्बलताही आहे. चार-पाच महिने शिवारात कापूस नसेल तर तिला जाण्यास दुसरी जागा नाही. परंतु त्यासाठी संपूर्ण शिवाराने एकाच सुमारास पीक काढणे आवश्यक आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये ज्या कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात सामाईक संपत्ती राखणाऱ्या गावांच्या नियमांचा अभ्यास आहे. पाण्याच्या पाळ्या ठरविणारी गावे भारतात आहेत. कापूस उपटण्याची तारीख ठरविणारी गावे फारशी नाहीत.

याची एक अडचण शेताबाहेरची आहे. २०२१ मध्ये पंजाबच्या भटिंडा भागात आणि लगतच्या पट्ट्यात गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. त्याआधी उत्तर भारत तिच्यापासून बराचसा मुक्त होता. तिचे पहिले ठसे जिनिंग कारखाने आणि सरकीच्या तेलगिरण्या यांच्या आसपासच्या शेतांत आढळले, कारण बाहेरच्या राज्यांतून आलेल्या सरकीतून सुप्त अळी प्रवास करते. दुसरे आश्रयस्थान म्हणजे पऱ्हाटीचे ढीग. वाळक्या बोंडांसह रचलेल्या पऱ्हाटीत अळी उन्हाळा काढते आणि तीच पऱ्हाटी अल्पभूधारक व शेतमजूर कुटुंबांची वर्षभराची चुलीची सोय असते. पऱ्हाटी जाळा किंवा भुगा करून शेतात गाडा, या शिफारशीची किंमत अशा घरात सरपणाच्या भाऱ्यांत मोजली जाते. पऱ्हाटीपासून कांडी-कोळसा किंवा प्लायबोर्ड करणारे कारखाने जेथे ती विकत घेतात तेथे शेत वेळेत मोकळे होते. जेथे असा खरेदीदार नाही तेथे ढीग पुढच्या पेरणीपर्यंत बांधावरच राहतो, आणि त्यातून निघणारा पतंग कोणाच्या शेतात जाईल हे ढिगाच्या मालकालाही सांगता येत नाही.